व्याही-विहिणीचा नाताळ

माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. बायबल एक, ख्रिस्त एक, तारीखही एक. तरी २५ डिसेंबर कसा पाळायचा यावर माझे वडील आणि माझ्या सासूबाई यांचं आजवर जुळलेलं नाही. पप्पा निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे समोरचा चुकतोय हे ते आधीच धरून चालतात. सासूबाईंनी धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, पोरांना वर्षानुवर्षं धर्मशिक्षण दिलंय, त्यामुळे त्याही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. गेल्या नाताळात पप्पा वसईला आले तेव्हा दोघांची जी जुंपली, ती आठवेल तशी इथे देते. मधेमधे माझी लुडबुड आहे.

सासूबाई पडवीत गोठा मांडत होत्या. गोठ्याच्या हिरवळीसाठी आमच्याकडे ताटल्यांत नाचणी पेरतात. ती आता चांगली चार बोटं वर आली होती. पेंढ्याचं छप्पर, खाली मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव. मधली गव्हाण रिकामी. पप्पांनी चष्मा सावरून आत पाहिलं.

पप्पा: विहीणबाई, सगळे जमले, पण बाळ कुठंय?

सासूबाई: कपाटात, माझ्या रेशमी साडीच्या घडीत. रात्रीच्या मिस्सेनंतर (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) ठेवायचं. जन्माच्या आधी कसं ठेवणार?

पप्पा: म्हणजे खेळच झाला हा.

सासूबाई: खेळ म्हणा. आठशे वर्षांचा आहे. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चो गावी डोंगराच्या कपारीत खरं गवत आणि खरा बैल-गाढव आणून नाताळची मिस्सा लावली होती. गव्हाणीजवळ उभं राहून शुभवर्तमान त्यानं स्वतः गायलं.

पप्पा: फ्रान्सिसबद्दल आदर आहे. पण शुभवर्तमानं चार. मार्कात जन्माची गोष्ट नाही, योहानात नाही. मत्तयात पूर्वेकडचे ज्ञानी, लूकमध्ये मेंढपाळ. बैल आणि गाढव चौघांतही नाहीत. हे कुठून आले?

सासूबाई: यशयाकडून. पहिला अध्याय, तिसरं वचन. बैलाला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, देवाच्या माणसांना मात्र काही कळत नाही, अशी तक्रार आहे तिथं. माझ्या गोठ्यात बैल शोभेला नाही, व्याही. तो तुम्हा-आम्हाला टोमणा आहे.

पप्पा गप्प झाले, पण हरल्यासारखे नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि इतिहासात शिरले. पप्पा इतिहासात शिरले की चहा टाकायला हरकत नसते.

पप्पा: आमच्या लोकांपर्यंत ज्यांनी शुभवर्तमान आणलं ते अमेरिकन मराठी मिशनचे. १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. ते कुठले? न्यू इंग्लंडचे, प्युरिटन परंपरेतले. आणि प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदाच केला होता. नाताळ पाळताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड.

सासूबाई: दंड? ख्रिस्ती लोकांनी, ख्रिस्ती लोकांना, ख्रिस्तजन्माबद्दल?

पप्पा: हो. १६८१ मध्ये कायदा गेला, पण सवय गेली नाही. आपले मिशनरी घरून निघाले तेव्हा तिकडच्या त्यांच्या मंडळ्यांत २५ डिसेंबर म्हणजे कामाचा दिवस. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. स्कॉटलंडमध्ये तर १९५८ उजाडावं लागलं.

सासूबाई: मग नगरला आज दारोदार चांदण्या टांगतो कोण? करंज्या, लाडू, चकल्या कुणाच्या घरी होतात?

पप्पा: (जरा थांबून) आमच्याच. लोक आहेत, सण लागतोच.

सण लागतोच, हे पप्पांनी फार लवकर कबूल केलं असं मला वाटतं. प्युरिटनांचा हट्ट नुसता रुक्षपणा नव्हता. त्या काळचा इंग्लंडमधला नाताळ म्हणजे दारू, जुगार आणि श्रीमंतांच्या दारावर थापा मारून वसूल केलेलं खाणंपिणं. शिवाय तारखेला शास्त्राचा आधार नाही. बायबल ख्रिस्तजन्माचा दिवस सांगत नाही, महिनाही सांगत नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी खात्रीची नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची. रोमन सूर्यदेवाच्या सणावर चर्चनं आपला सण बसवला असं काही अभ्यासक म्हणतात. इतरांच्या मते २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं, आणि जुन्या पंचांगानं चालणाऱ्या रशियन ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. तारखेवरून भांडण्यात अर्थ नाही, यावर पडवीत एकमत झालं. त्या दिवशीचं बहुधा पहिलंच.

खरा वाद तारखेचा नव्हताच. देव दाखवता येतो का, हा होता.

पप्पा: देवाला आकार देऊ नका, ही दहांतली दुसरी आज्ञा. तुमच्या यादीत ती पहिलीत मिसळलेली असते, पण आहे ना? माझ्या आजोबांनी म्हसोबाचा शेंदूर पुसला तो काय प्लास्टरच्या बाळासाठी?

सासूबाई: आज्ञा आहे, नाही कशाला म्हणू? पण ती कधीची? ज्या देवाला कुणी पाहिलं नव्हतं, त्या काळची. नंतर तो दिसला. तेहतीसएक वर्षं लोकांनी त्याला पाहिलं, त्याचा हात धरला, त्याला चोपलं. आठव्या शतकात पूर्वेकडे पुतळे-चित्रं फोडायची लाट आली तेव्हा जेरुसलेमजवळच्या मठातल्या दमास्कसच्या योहानानं हेच मांडलं. मी वस्तूची पूजा करत नाही, पण देव माझ्यासाठी वस्तुमात्रात उतरला म्हटल्यावर वस्तूला तुच्छ कसं मानू? शेवटी ७८७ च्या निकायाच्या परिषदेनं तेच मान्य केलं.

पप्पा: ती दुसरी निकाया. पहिली मला पुरे.

सासूबाई: पहिली तर आपली दोघांची आहे.

पहिली निकाया ३२५ सालची. अलेक्झांड्रियाचा एक बुद्धिमान पाळक, आरियस, म्हणत होता की पुत्र फार थोर खरा, पण तोही निर्माण केलेलाच. पित्याच्या बरोबरीचा नव्हे. ऐकायला हे सोपं आणि सोयीचं. देव वर सुरक्षित राहतो, आणि गोठ्यातल्या रडण्या-हगण्याशी त्याचा संबंध येत नाही. परिषदेनं ते नाकारलं आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा असल्याचं मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, घातलं. तरुण अथनेशियस त्या भांडणात पडला आणि म्हातारा होईपर्यंत त्यातच राहिला. बिशप झाल्यावर त्यापायी पाच वेळा हद्दपार झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. माणूस मरणाच्या तावडीत सापडला आहे, आणि त्याला सोडवणं निर्माण केलेल्या कुणाच्या आवाक्यातलं नाही. आला असेल तर देवच आला पाहिजे, आणि आला तर खरोखरच्या शरीरात आला पाहिजे. पुढे ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेनं दोन्ही टोकं बांधली: पूर्ण देव, पूर्ण माणूस, मिसळण नाही, फारकतही नाही. हे कसं, ते परिषदेनं सांगितलं नाही. ज्या चार चुका करू नयेत त्या फक्त नोंदल्या. धर्मसभेनं एवढ्यावर थांबणं मला शहाणपणाचं वाटतं.

मी: पप्पा, पण नगरच्या शेजाऱ्यांना तुम्ही हे कसं समजावता? ते म्हणणार, दहा अवतार झाले, हा अकरावा.

पप्पा: म्हणतातच. देशमुखी वाड्यातले एक काका दर नाताळाला करंजी खाताना म्हणायचे, ‘मास्तर, देव संकटात धावून येतो, एवढंच ना? आमचाही येतो.’ आमच्यातला एखादा घाईघाईनं सांगायचा, आमचा देव रडला, उपाशी राहिला, मेला. काका हसायचे. सीतेसाठी राम रडला नाही? व्याधाच्या बाणानं कृष्ण गेला नाही? रडण्या-मरण्यात फरक शोधणाऱ्यानं महाभारत वाचलेलं नाही.

सासूबाई: मग फरक कशात?

पप्पा: परत जाण्यात. अवतार आपलं काम उरकतो आणि मूळ रूपी जातो. पुन्हा गरज पडली की पुन्हा येतो. ख्रिस्ती शिकवण सांगते की तो एकदाच आला आणि माणूसपण त्यानं खाली उतरवून ठेवलंच नाही. पुनरुत्थान शरीरासकट, स्वर्गारोहण शरीरासकट. हातांवरच्या जखमा तशाच. म्हणजे या घटकेला देवाच्या उजवीकडे एक माणूस बसलेला आहे, असं आमचं म्हणणं. कुणाला हे वेडेपणाचं वाटेल, तर वाटणारच. पण म्हणणं ते आहे.

सासूबाई: मग शरीर त्यानं सोडलं नाही आणि तुम्ही मात्र त्याच्या उपासनेतून शरीर हद्दपार केलंत! चार भिंती, एक मंच, एक पुस्तक.

पप्पा: पुस्तक, आणि गाणं. गाणं विसरू नका.

इथे पप्पांनी मराठीचा मुद्दा काढला, आणि त्यांच्या हातातली बाजी सासूबाईंनी त्यांच्याच पत्त्यांनी जिंकली. पप्पांना थॉमस स्टीफन्सचा फार अभिमान. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथेच मराठी शिकला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं; अकरा हजारांच्या आसपास ओव्या. त्याच्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पोथ्यांमधून ते वाचलं. ग्रंथाची चौकटच अशी की नवख्रिस्ती लोक पाद्रीला विचारतात: जुनी पुराणं आमच्याकडून सुटली, आता आम्ही वाचायचं काय? आणि पाद्री त्यांना ओवीतलं पुराण देतो. तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला, ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नगरकडच्या मंडळ्यांत टिळकांच्या गीतांवाचून रविवार जात नाही, आणि नाताळात ख्रिस्ती कीर्तनही रंगतं.

सासूबाई: कीर्तनाला काय लागतं, व्याही?

पप्पा: कीर्तनकार. पेटी, तबला. टाळ.

सासूबाई: टाळ कशाचे?

पप्पा: पितळेचे.

सासूबाई: पितळ चालतं, माती चालत नाही! ओवी कानातून आत शिरते म्हणून ती शरीर नव्हे का? तुम्ही देवाला कानानं धरलंत, आम्ही डोळ्यानं. तुमचं ते वचन आणि आमची ती मूर्ती, हे कसं?

पप्पा हसले. मीही. वसईच्या घंटांचा धातू तर देवळांतून देवळांत फिरलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. वसईकरांना एके काळी नाताळच्या मिस्सेला बोलावणारी घंटा शिवाच्या देवळात वाजते आणि तिथे कुणाचं अडत नाही. असो, हे विषयांतर झालं.

हसून झाल्यावर पप्पांनी जे काढलं, त्याला सासूबाईंकडे तयार उत्तर नव्हतं.

पप्पा: विहीणबाई, तुमचा गोठा सुंदर आहे. तीच माझी तक्रार आहे. आमचं घराणं गावकुसाबाहेरचं. आजोबांचे वडील पाटलाच्या विहिरीला शिवू शकत नव्हते. त्यांना मिशनच्या शाळेत कुणी वाचून दाखवलं की देव जन्मला तेव्हा त्याला आत जागा मिळाली नाही, आणि पहिली खबर गेली ती रात्री रानात राखण करणाऱ्यांना. आमच्या घरात सांगतात की म्हातारा एवढंच म्हणाला, मग तो आपल्यातला. त्याला मूर्ती लागली नाही, झगमगाट लागला नाही. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो ना, ख्रिस्तानं देवाच्या बरोबरीला कवटाळलं नाही, स्वतःला रिकामं करून दासाचं रूप घेतलं. दास! तुमच्या लोकांच्या गोठ्यांत मला दास दिसत नाही. गुलाबी गालांचं युरोपियन बाळ दिसतं, आणि बक्षिसासाठी सजवलेला देखावा.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाईंनी अगदी अनपेक्षित बाजूनं तोंड उघडलं.

सासूबाई: एक सांगू? राग मानू नका. तो बाहेर जन्मला हेही लूकनं म्हटलेलं नाही. गव्हाण म्हटलंय. त्या मुलखातल्या गरिबांच्या घरात माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली. एका टोकाला सखल भागात जनावरं, आणि मधल्या पायरीशी गव्हाण. पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून घरच्यांच्या मध्येच बाळंतपण झालं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तुमच्या नगरकडे जुन्या घरात ढाळजेत बैल बांधलेले मी पाहिलेत. तसं.

पप्पा: म्हणजे आमच्या म्हाताऱ्यानं चुकीचं ऐकलं?

सासूबाई: छे. बरोबर ऐकलं. कुणाच्या घरात जन्मला ते बघा की. राजाच्या नव्हे, याजकाच्या नव्हे. जिथं बैल आणि बाळंतीण एका खोलीत, तिथं. आत जन्मला की बाहेर, यानं वस्ती बदलत नाही.

या जागी दोघंही बरोबर होते असं म्हणून मी सुटू शकते, पण तसं मला वाटत नाही. अभ्यासकांचं घर मला पटतं. पण गोठ्याच्या देखाव्याबद्दल पप्पांचं म्हणणं जास्त खरं आहे. आकार दिला म्हणून गोठा बिघडत नाही. तो बिघडतो गुळगुळीत केल्यानं. प्रसूतीचं रक्त, शेणाचा वास, हेरोद राजाची भीती आणि त्यानंतरचं मिसरला पळणं, सगळं पुसून उरतं ते शुभेच्छापत्र. देव देहात आला यावर विश्वास ठेवायचा आणि देह मात्र धुऊन-पुसून दाखवायचा, हा आरियसचाच मागच्या दारानं प्रवेश आहे. आणि हे सुधारायचा मार्ग मूर्ती काढून टाकणं नव्हे, हे एका प्रॉटेस्टंट चर्चनंच दाखवून दिलंय. २०२३ च्या डिसेंबरात गाझात युद्ध पेटलेलं असताना बेथलेहेममधले जाहीर समारंभ रद्द झाले. तिथल्या लुथरन चर्चनं वेदीजवळ फुटक्या काँक्रिटचा ढीग रचला आणि पॅलेस्टिनी शाल गुंडाळलेलं बाळ त्या ढिगाऱ्यात ठेवलं. त्याचा फोटो मी पप्पांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. ‘हे चालेल,’ म्हणाले.

सासूबाई: मग माती चालते म्हणा की!

पप्पा: माती चालते. चकचकीत रंग चालत नाही.

रात्री पप्पा आमच्याबरोबर मिस्सेला आले. वसईत मध्यरात्रीच्या मिस्सेला चर्च पुरत नाही, पटांगणात खुर्च्या मांडतात. मतांगिकार सुरू झाला. एरवी रविवारी लोक उभ्यानं तो म्हणतात आणि प्रभू देह धारण करून माणूस झाला या वाक्याला नुसती मान लववतात. नाताळला मात्र त्या शब्दांशी सगळे गुडघे टेकतात. वर्षातून असं दोनदाच होतं, नाताळला आणि २५ मार्चला, मरियेला मिळालेल्या संदेशाच्या सणाला. पटांगणभर खुर्च्या करकरल्या, नव्या साड्या धुळीला टेकल्या. पप्पा उभेच राहिले. त्यांच्याकडे ही रीत नाही. घरी परतताना मात्र त्यांनी विचारलं.

पप्पा: विहीणबाई, गुडघे नेमके तिथंच का? तो वधस्तंभावर मेला, त्या ओळीला का नाही?

सासूबाई: मरणं आपल्यालाही जमतं, व्याही. देव असून माणूस व्हायचं, हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

पप्पा: हे मला नगरच्या उपदेशात वापरता येईल.

सासूबाई: वापरा. पण कॅथलिक बाईनं सांगितलं म्हणून सांगा.

त्यांनी सांगितलं की नाही, ते मला कळलेलं नाही. गोठा त्यांना अजून खेळच वाटतो, आणि यंदा नाचणी पेरायला त्यांनीच नगरहून बियाणं पाठवलंय.

वाचकांपैकी पुष्कळांना चर्चमध्ये आत जावं की नाही असा संकोच असतो. नाताळच्या मिस्सेला किंवा प्रॉटेस्टंटांच्या उपासनेला कुणीही जाऊन बसू शकतं. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तशरीर, म्हणजे पाद्री देतो ती पवित्र भाकर, स्वीकारायला मात्र रांगेत जाऊ नये, ते त्यांच्यातल्या दीक्षितांसाठी असतं. यंदा वसईला, गोव्याला किंवा मुंबईत गेलात तर देखावे जरूर बघा, पण मतांगिकारापर्यंत थांबा. आणि नगरला गेलात तर उपासना संपल्यावर लगेच उठू नका. कीर्तन सहसा त्यानंतर असतं.